उंदरांचा चहा, माणसांची दारू

चहातील वनस्पतिजन्य द्रव्ये दारूपासून यकृताचे रक्षण करतात, अशा बातम्या अधूनमधून वाचायला मिळतात. त्यांची कात्रणे शाळेच्या फलकावरही लागतात. चंद्रपूर-गडचिरोलीच्या शाळांत तरी ती तपासल्याशिवाय लावू नयेत, असे आम्हाला वाटते.

आधी त्यातले खरे पाहू. यकृतात दारूपासून ॲसिटाल्डिहाइड हा विषारी पदार्थ बनतो. सतत पिणाऱ्याच्या यकृतात दारूचे विघटन करणारे आणखी एक विकर वाढते आणि त्याच्या क्रियेत मुक्त मूलके तयार होतात. ती पेशींतील मेद व प्रथिने बिघडवतात. चहातील कॅटेचिने या मूलकांना निष्प्रभ करू शकतात. पोलंडमधील बियालिस्टोकच्या संशोधकांनी उंदरांना दारूबरोबर चहाही दिला, तेव्हा यकृताची ही हानी कमी आढळली. प्रयोगात खोट नाही.

खोट आहे ती बातमीने मारलेल्या उडीत. प्रयोगातल्या उंदराला चौरस आहार आणि मोजून दारू मिळते. आपल्याकडे घरी गाळलेल्या मोहाच्या दारूची तीव्रता कोणी मोजत नाही. पिणाऱ्याच्या पोटात पुष्कळदा अन्नही नसते. उंदरांत पाहिले गेले ते काही आठवड्यांतले रासायनिक बदल. माणसाला सिरॉसिस व्हायला वर्षे लागतात. चहाने तो टळतो, असे माणसांवरील चाचण्यांतून सिद्ध झालेले नाही. उलट, पूरक म्हणून घेतलेल्या हिरव्या चहाच्या अर्कातून रोज ८०० मिलिग्रॅम किंवा अधिक ईजीसीजी हे कॅटेचिन पोटात गेल्यास यकृताच्या इजेची रक्तातील लक्षणे वाढतात, असे युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये सांगितले.

गडचिरोलीत लोकचळवळीनंतर १९९३ मध्ये दारूबंदी झाली. चंद्रपुरात ती २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. बंदीविषयी मतभेद असोत. पण दोन्ही जिल्ह्यांतल्या वर्गांत अशी मुले आहेत, ज्यांच्या घरी हा प्रश्न रोजचा आहे. शाळेतून ‘चहा घेतला की दारू बाधत नाही’ एवढेच घेऊन ती घरी गेली, तर दोष त्यांचा नव्हे.

म्हणून कात्रणाखाली तीन प्रश्न लिहावेत: प्रयोग कोणावर झाला? मात्रा किती होती? मोजले काय? मुलांनी उत्तरे शोधल्यावर शिक्षकांनी एक गोष्ट सांगावी. दारू पूर्ण थांबवली, तर यकृतात साचलेली चरबी बहुधा काही आठवड्यांत ओसरते. सिरॉसिस झाल्यावर मात्र यकृत सहसा पूर्ववत होत नाही. तेव्हा थांबायचे ते वेळीच. चहा खुशाल प्यावा. पण चहा म्हणून.