लाकडी बैल आणि कालिया

नाकाडोंगरीच्या आमच्या घरी गोकुळाष्टमीला मातीचा कान्होबा बसे आणि पुढे आठवडाभराने तान्ह्या पोळ्याला आम्ही मुले चाकांचे लाकडी बैल ओढीत दारोदार हिंडत असू. बैल लाकडाचा आहे हे ठाऊक असूनही त्याच्यापुढे वैरण टाकल्याखेरीज आम्हांला घास गिळत नसे.

हे सारे आठवले ते दादासाहेब फाळके यांचा १९१९ सालचा ‘कालिया मर्दन’ पाहताना. मुंबईत ख्रिस्तचरित्राचा चित्रपट पाहता पाहता फाळक्यांना पडद्यावर राम-कृष्ण दिसू लागले, ही हकीकत प्रसिद्धच आहे. पण नुसत्या श्रद्धेने फार तर आरती होते. फाळक्यांनी तिला खेळाची जोड दिली. आपली अवघी सात वर्षांची मंदाकिनी त्यांनी कृष्ण केली; आणि तीही कशी? आरंभीच तिचा साधा चेहरा, त्यावरचे राग-हर्ष दाखवून मग तिला कृष्णरूप दिले. ‘ही पोर आहे, आता देव होईल,’ असा हा प्रेक्षकांशी उघड करार! डोहातला कालिया बनावट आहे हे स्पष्ट दिसते. तरी काठावर गोकुळ व्याकूळ होते, तेव्हा आपलाही जीव खालीवर होतो.

पुढच्या कितीतरी पौराणिक चित्रपटांत दिपविण्याची कला वाढली. हा करार मात्र सुटला, असे मला वाटते.

परवा माळ्यावरचा माझा बैल नातीच्या हाती लागला. एक चाक निखळलेले. तो खरा का, हे तिने विचारलेच नाही. म्हणाली, “आजोबा, याला भूक लागली असेल.”

मी मुकाट्याने वैरण शोधू लागलो.