बिअरकॅनच्या पाठीमागून

लेन्स हातात आली की बहुतेक जण आधी पुढच्या काचेत डोकावतात. मी ती उलटी करतो. काचेत बुरशीचे धागे आहेत का, हे आपल्या दमट हवेत पाहावंच लागतं, पण ते नंतर. मिनोल्टाच्या ७०-२१० एफ ४ या झूम लेन्सच्या बाबतीत तर मागची बाजू पाहण्यातच खरा आनंद आहे. ही लेन्स १९८५ची. सरळ, गोल, धातूची, वजनाला सुमारे ७०० ग्रॅम. झूम फिरवला तरी लांबी तसूभर वाढत नाही. या घाटामुळेच जगभरचे शौकीन तिला ‘बिअरकॅन’ म्हणतात.

मागचं झाकण काढल्यावर पॉलिश केलेलं धातूचं कडं दिसतं. लेन्स कॅमेऱ्याच्या बॉडीला जोडणारा हाच ए-माउंट. कड्यावर एक छोटी चकती आहे आणि तिला मधोमध खाच, अगदी स्क्रूच्या डोक्यासारखी. मिनोल्टाने फोकसची मोटर लेन्सऐवजी बॉडीत ठेवली होती. बॉडीतून स्क्रू-ड्रायव्हरसारखं एक टोक बाहेर येतं, खाचेत बसतं आणि फोकस फिरवतं. शेजारी एक बारीक दांडा आहे. लेन्स सुटी असताना ॲपर्चरच्या पाती स्प्रिंगने मिटलेल्या असतात; दांडा बोटाने हळूच सरकवला की त्या फुलासारख्या उघडतात. आणि कडेला पाच सोनेरी टिकल्या.

या पाच टिकल्यांपाशी मी सर्वांत जास्त रेंगाळतो. त्यांच्यामधून लेन्स बॉडीला आपली ओळख सांगते, त्यात या क्षणी झूम किती मिलिमीटरवर आहे हेही येतं. १९८५च्या मिनोल्टा ७००० कॅमेऱ्याला ही माहिती कशाला हवी होती? लेन्स जितकी लांब पल्ल्याची, तितका हाताचा कंप चित्रात जास्त उमटतो. म्हणून लांब लेन्स लावलेली दिसली की हा कॅमेरा प्रोग्राम मोडमध्ये आपणहून वेगवान शटरकडे झुकायचा.

२००३ साली मिनोल्टा आणि कोनिका एकत्र आल्या. २००४ मध्ये या जोडकंपनीने ७डी हा डिजिटल कॅमेरा आणला. हात हलला की त्यातला सेन्सरच उलट दिशेला सरकून कंप शोषून घ्यायचा. सेन्सरने किती सरकायचं हे ठरवायला लेन्सचा पल्ला माहीत असावा लागतो. तो सांगायला बिअरकॅन तयारच होती, त्याच टिकल्यांमधून, एकोणीस वर्षांपूर्वी शिकलेल्या भाषेत. जी माहिती शटरचा वेग वाढवण्यासाठी दिली होती, तीच आता सेन्सर हलवायला कामी आली. दोन्ही वेळा हेतू एकच, हात थरथरला तरी चित्र थरथरू नये. आईच्या पैठणीचा काठ लेकीच्या परकराला शोभून दिसावा, तसं हे आहे.

पुढे जानेवारी २००६ मध्ये कोनिका मिनोल्टाने कॅमेऱ्याचा धंदा सोडत असल्याचं जाहीर केलं आणि डिजिटल एसएलआरचा वारसा सोनीकडे गेला. त्याच वर्षी सोनीचा ए१०० आला, १० मेगापिक्सेलचा. माउंट तोच. सरकता सेन्सर तोच. जपानात मिनोल्टाने या मालिकेला दिलेलं ‘अल्फा’ हे नावही सोनीने ठेवलं. मिनोल्टाची १९९९ची १३५ मिलिमीटर एसटीएफ लेन्सही सोनीच्या नावाने मिळत राहिली. तिच्यातल्या एका खास भिंगामुळे फोकसबाहेरचे प्रकाशठिपके कडेला विरघळत जातात, ओल्या कागदावर रंग पसरावा तसे. एका कंपनीचं इतकं नाजूक काम दुसरीने निगुतीने सांभाळलं, हे मला फार मोलाचं वाटतं.

पण या कड्याच्या जन्मात एक जखमही आहे. १९५८पासून मिनोल्टाचा एसआर माउंट होता. लेन्सच्या कड्यापासून फिल्मपर्यंत अंतर ४३.५ मिलिमीटर. ए-माउंटचं अंतर ४४.५. हा एक मिलिमीटर आडवा आला. जुनी लेन्स नव्या बॉडीवर फिल्मपासून जरा जास्तच दूर पडते, आणि मधे जादा भिंग घातल्याशिवाय तिला दूरचा डोंगर स्पष्ट दिसत नाही. सत्तावीस वर्षं विश्वासाने लेन्स जमवणाऱ्यांना हा एक मिलिमीटर किती लागला असेल! ऑटोफोकससाठी नवा माउंट हवा होता हे मान्य, तरीही ही आखणी मला निष्ठुर वाटते.

बिअरकॅनमध्येही दोष आहेत. ॲपर्चर पूर्ण उघडं ठेवून आभाळासमोरची फांदी टिपली की कडांना जांभळी झाक येते. फोकसची कडी अरुंद, बोटांना नीट सापडत नाही. पण ७० असो वा २१०, ॲपर्चर ४च राहतं. आणि संध्याकाळच्या उन्हात तिने टिपलेले त्वचेचे रंग पाहिले की मी जांभळी झाक विसरतो.

सोनीने २०२१मध्ये ए-माउंटच्या बॉड्या थांबवल्या. सोनीच्या आताच्या ई-माउंटचं अंतर फक्त १८ मिलिमीटर, त्यामुळे ए-माउंटची लेन्स लावताना मधे २६.५ मिलिमीटरची ऐसपैस जागा उरते. त्या जागेत बसणाऱ्या एलए-ईए५ या ॲडॉप्टरमध्ये सोनीने २०२० साली एक चिमुकली मोटर बसवली. तो ठरावीक बॉड्यांवरच फोकस फिरवतो, पण फिरवतो तेव्हा खाचेत टोक बसल्याचा तोच ‘खट्’ ऐकू येतो. शिवाय १९८५मध्ये मागे पडलेल्या एसआर लेन्सही आता साध्या, बिनभिंगाच्या नळीवर ई-माउंटच्या बॉडीला लागतात. त्यांचा फोकस हातानेच करायचा, पण दूरचा डोंगर त्यांना स्पष्ट दिसतो.