सीपीकेचा आकडा आणि लाखोळीची डाळ

आरोग्यविषयक लोकप्रिय लेखनात एक तर्क आम्हांला वारंवार भेटतो. अंग दुखते, पाय गळतात, रक्तात सीपीके वाढलेले आहे. म्हणजे फवारणीचे औषध नाहीतर कारखान्याचे पाणी स्नायूंना बाधत आहे. त्यामागची काळजी आम्हांला मान्य आहे, तर्क मान्य नाही.

सीपीके म्हणजे क्रिएटिन फॉस्फोकायनेज, स्नायूपेशींच्या आत काम करणारे विकर. पेशीला इजा झाली की ते रक्तात झिरपते. इजा कशाने झाली, हे मात्र त्यावरून कळत नाही. गडचिरोली-चंद्रपूरकडे मे महिन्याच्या उन्हात तेंदूपाने तोडत रानोमाळ हिंडलेल्या मजुराचे रक्त दुसऱ्या दिवशी तपासले, तर आकडा चढलेला दिसण्यात नवल नाही. स्नायूत टोचलेले इंजेक्शन, उष्माघात, फाल्सिपेरम मलेरिया, थायरॉइडची कमतरता, दारू, कोलेस्टेरॉलवरच्या स्टॅटिन गोळ्या यांनीही तो चढतो. (शेवटची दोन रसायनेच, पण त्यांच्यावर सहसा कोणी संशय घेत नाही.) ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशकाच्या विषबाधेत तर मुख्यतः वेगळेच विकर पाहतात, कोलिनेस्टरेज, आणि ते वाढत नाही, घटते.

याहून मोठी चूक दुसऱ्या बाजूची आहे. याच धानपट्ट्यात धान उभे असतानाच ओल्या बांधीत लाखोळी फेकतात. पाऊस दगा देतो तेव्हाही हे पीक हाती लागते, म्हणून ते गरिबाचे. पण टंचाईत दोन-तीन महिने तेच मुख्य अन्न झाले, तर त्यातील ओडीएपी या द्रव्याने मज्जारज्जूतील चालक चेतामार्गांना इजा होते. पाय ताठरतात, चालताना कात्रीसारखे एकमेकांत अडकतात, काठी लागते. काहींवर रांगण्याची वेळ येते. हाच लॅथिरिझम. यात बिघाड स्नायूंत नसतो, त्यांना येणाऱ्या आज्ञेत असतो. त्यामुळे रोग्याचे सीपीके अगदी नेहमीसारखे असू शकते. वरचा तर्क लावला, तर ज्या विषामुळे 1961 मध्ये या डाळीच्या विक्रीवर बंदी आली, तेच निर्दोष सुटेल! हा संबंध लोकांनी काय खाल्ले, किती दिवस खाल्ले, या चौकशीतून जुळला होता.

असाच साधा प्रश्न सीपीकेबाबतही विचारता येतो. काही दिवस विश्रांती देऊन पुन्हा तपासले आणि आकडा उतरला, तर श्रमाचा संशय बळावतो. आमच्या पाहण्यातल्या तपासणीच्या कागदांवर नाव, वय, लिंग होते. मागच्या तीन दिवसांत काय काम केले, ही ओळ कुठेच नव्हती.