एक घास कोहादाचा

टोकियोत सुशीच्या नव्या दुकानाची पारख करायची असली की जाणकार खवय्ये ट्यूनाच्या तुकड्यावरून निकाल देत नाहीत. पैसे मोजले की उत्तम ट्यूना बाजारातून घरपोच येतो. ते मागतात कोहादा. हा तळहातावर मावणारा, बारीक काट्यांचा साधा मासा कच्चा खाल्ला तर उग्र आणि पाणचट लागतो. त्याला रुची येते ती शेफच्या हातून, त्यामुळे त्या एका घासात शेफचं सगळं शिक्षण उघडं पडतं. जुन्या एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, घडलेल्या एदोमाए सुशीत मला याहून सुंदर घास ठाऊक नाही.

कोहादा हा हेरिंगच्या आणि आपल्या तारलीच्या नात्यातला. आकारानुसार त्याचं नाव बदलतं. 4-5 सेंटिमीटरचा असतो तोवर शिंको, 7 ते 10 सेंटिमीटरचा झाला की कोहादा, पुढे नाकाझुमी आणि 15 सेंटिमीटरच्या वर गेला की कोनोशिरो. वाढीबरोबर नाव बदलणाऱ्या इतर माशांचा भाव जपानात वाढत जातो, याचा मात्र उतरत जातो. उन्हाळ्यात पहिले शिंको येतात तेव्हा टोकियोतली दुकानं त्यांच्यासाठी चढाओढीने पैसे मोजतात. ते इतके इवले असतात की दोन-तीन जोडावे तेव्हा कुठे एक घास पुरा होतो.

पहिला आस्वाद डोळ्यांचा. चंदेरी कातडी, तिच्यावर काळ्या ठिपक्यांच्या ओळी आणि खाली गुलाबीसर मांस. कातडी सोलत नाहीत, कारण सगळं देखणेपण तिथेच आहे. तिच्यावर सुरीच्या एक-दोन बारीक चिरा दिलेल्या असतात, त्यामुळे ती दाताखाली अडत नाही. काही शेफ काप उभा चिरून त्याला पीळ घालतात, तेव्हा चांदीची लड भातावर ठेवल्यासारखी दिसते. मासा भाताला सर्व बाजूंनी बिलगलेला असावा. कडा उचललेल्या दिसल्या, तर हात अजून बसायचा आहे असं समजावं.

या रूपामागचं काम आदल्या दिवशी किंवा त्याच्याही आधी झालेलं असतं. खवले आणि डोकं काढून मासा पोटाकडून चिरून सपाट उघडायचा. वेळूच्या टोपलीवर पसरून मीठ भुरभुरायचं. मीठ आतलं पाणी ओढून घेतं, त्याबरोबर वास जातो आणि मांस घट्ट होतं. मग मासा धुऊन, व्हिनेगरमधून खळबळून काढून पुन्हा व्हिनेगरमध्ये ठेवायचा, निथळायचा आणि मुरू द्यायचा. आंबटाने बारीक काटे मऊ पडतात. मीठ किती वेळ ठेवायचं याचं ठरीव माप नाही. माशाचा आकार, अंगावरची चरबी, ऋतू, त्या दिवशीची हवा हे पाहून शेफ रोज नव्याने ठरवतो. वेळ कमी पडला की मासा उग्र राहतो, जास्त झाला की नुसतं व्हिनेगर लागतं. नेमका साधला, तर आधी आंबट, मग खारट आणि शेवटी माशाची स्वतःची गोडसर, तेलकट चव, असा क्रम जिभेवर उलगडत जातो. शेवटची चव घास गिळल्यावरही रेंगाळते आणि पुढचा घास मागते.

यातलं निम्मं श्रेय भाताचं, त्याला शेफ ‘शारी’ म्हणतात. गरम भात पसरट लाकडी पात्रात काढून त्यात मीठ घातलेलं व्हिनेगर कापल्यासारख्या हाताने मिसळतात. अनेक दुकानं त्यात साखरही घालतात. काही ठिकाणी साके या जपानी मद्याच्या चोथ्यापासून केलेलं तांबूस व्हिनेगर वापरतात, त्याने भाताला गव्हाळ रंग आणि खोल चव येते. भात अंगाइतका कोमट असावा. शीत न् शीत वेगळं, तरी उचलताना घास मोडू नये आणि तोंडात गेल्यावर आपोआप सुटावा. गार मासा आणि कोमट भात यांची ती क्षणभराची भेट साधण्यासाठी शेफ घास करून थेट पुढ्यात ठेवतो. तो लगेच खावा, हाताने खाल्ला तरी चालतो.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हानाया योहेई यांनी ही हाताने वळलेली निगिरी सुशी एदोत लोकप्रिय केली असं मानतात. तेव्हा फ्रीज नव्हता. म्हणून ट्यूना सोया सॉसमध्ये मुरवत, अनागो ही समुद्री वाम शिजवत, कोहादाला मीठ-व्हिनेगर लावत. पुढे बर्फ आला, फ्रीज आला, टिकवण्याची निकड संपली, तरी शेफांनी हे काम सोडलं नाही. गरजेपोटी जे सुरू झालं त्यात रस सापडला होता. ही निष्ठाच मला या परंपरेत सर्वात मोलाची वाटते.

हे काम शिकायला वेळ लागतो. डेव्हिड गेल्ब यांच्या 2011 सालच्या ‘जिरो ड्रीम्स ऑफ सुशी’ या माहितीपटात सुशी शेफ जिरो ओनो यांच्या टोकियोच्या गिंझा भागातल्या दहा खुर्च्यांच्या दुकानातला एक शिष्य आपली अंड्याची तामागो पसंत होईपर्यंत ती 200 हून अधिक वेळा केल्याचं सांगतो. इतकं शिकलेला माणूस काउंटरपलीकडे हातभर अंतरावर उभा असतो. गर्दी ओसरली की त्याला विचारावं. ‘मासा ताजा आहे का?’ या प्रश्नाचं उत्तर सगळीकडे एकच मिळतं. ‘या माशाला तुम्ही काय केलंत?’ असं विचारलं की खऱ्या कारागिराचा चेहरा खुलतो आणि मीठ, वेळ, ऋतू यांची हकिगत सुरू होते.

मुंबई-पुण्यात सुशी आता रुळली आहे, पण कोहादा बहुधा मिळणार नाही. तिथे त्याच्या जागी साबा मागवावा. हा आपल्या बांगड्याच्या कुळातला मासा, आणि त्यालाही मीठ-व्हिनेगरचाच संस्कार. तो तयार आणला की इथेच मुरवला, हे विचारावं. सोबत तामागो मागवावी आणि भात हाताला गार लागतो का ते पाहावं. कच्चा मासा गोठवलेला होता असं कोणी सांगितलं तर नाक मुरडू नये. उणे 20 अंशांवर 24 तास गोठवल्याने अॅनिसाकिस हा परजीवी मरतो, व्हिनेगरने मरत नाही. मेयोनीजचे पट्टे ओढलेले लांबलचक रोल आणि चाळीस प्रकारांचं मेन्यूकार्ड यांपेक्षा कोमट भात आणि नीट मुरलेला साबा देणारं छोटं काउंटर शंभर पटींनी चांगलं. असं एक दुकान सापडलं, तर दुकानं बदलत फिरू नये. त्याच शेफसमोर ऋतू बदलताना पुन्हा पुन्हा बसावं. तो रोज हात सुधारत असतो, तशी आपली जीभही त्याच्यासमोरच घडते.