टेकडी कुठे संपते?

कन्नूबी. इटलीतल्या बारोलो गावाला लागून असलेली लांबट टेकडी, उतार बहुतेक आग्नेयेकडे. नेब्बिओलो हे उशिरा पिकणारं द्राक्ष, त्यामुळे उतारावर पडणाऱ्या उन्हाचं मोल इथे फार. या द्राक्षाची वाइन दिसायला फिकी, पण तुरटपणा असा की कडक कोरा चहा आठवावा. कन्नूबीत तो मऊ होतो, गुलाबाचा वास पुढे येतो. कारण म्हणे माती: पूर्वेकडच्या सेर्रालुंगाची जुनी, राकट वाइन देणारी आणि पश्चिमेकडच्या ला मोर्राची सुगंधी वाइन देणारी, दोन्ही जाती इथे भेटतात.

हे मला पटतं. खटकते ती हद्द. मूळ कन्नूबी जेमतेम 15 हेक्टर. शेजारच्या बोस्किस, मुस्कातेल, सान लोरेन्झो, व्हालेत्ता या तुकड्यांनाही नुसतं ‘कन्नूबी’ लिहिता येईल, असं 2013 मध्ये कोर्टाने मान्य केलं आणि नावाखालची जमीन दुपटीहून वाढली. ऊन तेच, माती तीच. वाढलं फक्त नाव (आणि नावामागोमाग येणारा भाव).

बार्तोलो मास्कारेल्लो यांची कन्नूबीत वेल होती. तरी त्यांनी ती द्राक्षं रुए, सान लोरेन्झो आणि रोक्के इथल्या द्राक्षांत मिसळली. एकट्या टेकडीचं नाव मिरवलं नाही. हट्ट देखणा आहे, पण मिश्रणात एका उताराची उणीव दुसरा झाकतो. एकाच उताराच्या बाटलीला ती सोय नाही. गारपीट झालेलं वर्षही तिला तसंच सांगावं लागतं. मी तीच उघडेन, फक्त कन्नूबीच्या कुठल्या टोकाची आहे हे आधी विचारून.