थांबलेल्या गाडीचा बाजार

परभणी जंक्शनचा बाजार गाडी येते तेव्हा नव्हे, गाडी थांबते तेव्हा भरात येतो. नांदेडकडून येऊन परळीकडे वळणाऱ्या गाडीला इथे तोंड फिरवावं लागतं. पुढचं इंजिन सुटतं, शेजारच्या रुळावरून मागे जातं आणि दुसऱ्या टोकाला जोडलं जातं. मघाचा शेवटचा डबा आता पहिला. नवखा प्रवासी गाडी उलटी चालली की काय म्हणून गडबडतो. समोरच्या बाकावरचे मामा त्याला सांगतात, "इंजन फिरवूलालेत. उतरा, च्या पिऊन घ्या." आणि निम्मा डबा खाली उतरतो. कुणी बाटली भरून घेतो, कुणी भजे बांधून घेतो, कुणी पोराला नळावर धरून तोंड धुववतो. चहावाल्याचा हात अशा वेळी बघावा. सुट्टे पैसे आधीच बोटांच्या फटीत धरलेले, नजर सिग्नलवर. गिऱ्हाइकाच्या आधी त्याला कळतं की अजून एक कप होईल की नाही.

ही सक्तीची विश्रांती या भागाला जन्मापासून मिळालेली आहे. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर निजामाच्या राज्यातून मनमाडपर्यंत हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे आली, ती मीटरगेजवर. मनमाडच्या पुढे ब्रॉडगेज. म्हणजे परभणी, मानवत, सेलूकडचा कापूस मुंबईला निघाला की मनमाडला उतरवून पुन्हा भरायचा. हा फेरा १९९०च्या दशकात रुंदीकरण झालं तेव्हा संपला, आणि तोही आपोआप संपला नाही. गोविंदभाई श्रॉफ आणि मराठवाडा जनता विकास परिषदेला त्यासाठी वर्षानुवर्षं झगडावं लागलं. आज देवगिरी, तपोवन, नंदिग्रामने माणसं मुंबईला जातात आणि सचखंडने थेट अमृतसरला. परळीच्या फाट्याने जंक्शन हे बिरुद आधीच दिलं होतं. रुंद रुळांनी त्याला वजन आणलं.

स्टेशनबाहेर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आहे आणि त्यासमोर संविधानाची प्रतिकृती. डिसेंबर २०२४ मध्ये त्या प्रतिकृतीची विटंबना झाली आणि सारं शहर हादरलं. वर्दळीची जागा म्हणजे नुसती ये-जा नसते. लोक तिथे आपला मान ठेवतात, म्हणून तिला झालेली जखम घराघरात जाणवते. या भागाबद्दल लिहिताना हे वगळून पुढे जाणं मला जमणार नाही.

बसस्थानक हाकेच्या अंतरावर. जिंतूर, पाथरी, वसमत, गंगाखेड या चारी वाटांची माणसं इथे रेल्वेच्या माणसांत मिसळतात, आणि त्यातून स्टेशन रोडचा बाजार घडतो. जपानमधल्या ओसाकाच्या उमेदा भागात हेच काम ठरवून केलं गेलं. हांक्यू रेल्वेचे इचिझो कोबायाशी यांनी १९२९ मध्ये स्थानकालाच लागून मोठं दुकान उभं केलं; गाडीला आलेला माणूस दुकानातही शिरेल हा हिशेब. तो हिशेब अचूक ठरला आणि जगभर गिरवला गेला. परभणीत असा आराखडा कुणी काढला नाही. इथे माणसांच्या कामांनी दुकानांचा क्रम लावला, आणि मला हा क्रम अधिक रसाळ वाटतो.

तो क्रम पाहायचा असेल तर जळालेली मोटार घेऊन आलेल्या शेतकऱ्याच्या मागे जावं. विहिरीवरची मोटार पोत्यात गुंडाळून तो सकाळच्या गाडीने उतरतो. पहिलं काम रिवायंडिंगचं दुकान. तिथे वार्निशचा उग्र वास, जमिनीवर काळ्या पडलेल्या तांब्याच्या तारांची भेंडोळी. कारागीर मोटार उघडून आत नाक घालतो, वासावरूनच सांगतो, "एक फेज गेलती वाटतं, मालक. चारला या." आता चारपर्यंतचा दिवस शहराचा. मोंढ्यात जाऊन आडत दुकानातून मागच्या सोयाबीनची पट्टी आणायची. दवाखान्यात आईचे रिपोर्ट दाखवायचे. मग कृषी सेवा केंद्रात बियाणं. इथल्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठामुळे या शहराचं नाव वाणांनाही लागलंय: भेंडीत परभणी क्रांती, रब्बी ज्वारीत परभणी मोती. आपल्या गावाचं नाव हजारो शिवारांत पेरलं जातं, ही मोठी श्रीमंती आहे. शेवटी लेकीसाठी बांगड्या किंवा कपडा, आणि चारला मोटार. प्रत्येक दुकानदाराला त्याची परतीची गाडी माहीत असते. "गाडीला टाइम हाय ना? मग बसा की" हे वाक्य कापडाच्या गादीवर ऐकू येतं तसंच औषधाच्या काउंटरवरही. घासाघीससुद्धा वेळापत्रक बघून चालते. गाडी जवळ आली की दोघेही पटकन एका आकड्यावर येतात.

फेब्रुवारीत हजरत तुराबुल हक यांच्या उरुसाला हा सगळा ताल बदलतो. तेव्हा स्टेशनातून बाहेर पडणारा लोंढा मोंढ्याकडे न वळता दर्ग्याकडे चालू लागतो, त्यात सगळ्या जातिधर्मांची माणसं असतात, आणि एरवी बियाणं विकणारे लोक त्या दिवसांत पत्ता सांगण्याचं काम आनंदाने करतात.

अमृत भारत योजनेत परभणी स्थानकाचं नाव आहे. नवं दर्शनी रूप, नवे दिवे, रुंद पादचारी पूल यायलाच हवेत, त्याबद्दल दुमत नाही. पण आराखडा काढणाऱ्यांनी एक दिवस सकाळपासून संध्याकाळपर्यंत इथे बसावं. फलाटावर चहावाल्याच्या हालचालीपुरती मोकळी जागा, बाहेर म्हाताऱ्यांना टेकायला सावलीतला कट्टा आणि पोत्यातली मोटार उतरवून श्वास घ्यायला फाटकाजवळ एक रुंद पायरी, एवढं कागदावर आधी आखावं. काच आणि कमान मग लावावी.