पडद्यावरचा समुद्र कधी बंद होत नाही

मासेमारीच्या व्हिडिओ गेमांनी एक गोष्ट फार लवकर साधली: गळाला लागलेल्या माशाची ओढ. सेगाचा ‘गेट बास’ १९९७ साली आर्केडमध्ये आला आणि पुढे ‘सेगा बास फिशिंग’ म्हणून ड्रीमकास्टमार्फत घरात शिरला. हातात गळाच्या काठीसारखे यंत्र, मासा अडकला की त्याला बसणारे हिसके. लोकांना ते मनापासून आवडले. ‘फिशिंग प्लॅनेट’ आणि ‘रशियन फिशिंग ४’ यांनी रीळ, दोरा, गरी, आमिष यांचा तपशील पुष्कळ वाढवला. तरीही कौतुक झाले ते बहुतेक एकाच मापाने, पाणी किती खरे दिसते आणि काठी किती खरी वाकते. सातपाटी, मुरबे, डहाणूच्या किनाऱ्यावरून पाहिले तर हे माप तोकडे आहे. जाळे केव्हा टाकायचे नाही, हे कळण्यात मासेमारीची निम्मी विद्या आहे, आणि नेमकी तीच या गेमांत कच्ची राहिली आहे.

डोलीचे उदाहरण घ्या. हे पिशवीसारखे जाळे समुद्रात रोवलेल्या आधारांना बांधतात आणि त्याचे तोंड प्रवाहाकडे ठेवतात. बोंबील, करंदी पाणीच आत आणून सोडते. कसब आहे ते पाण्याची वेळ ओळखण्यात. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ ढोबळमानाने निघते: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. अष्टमीच्या आसपास भांगाचे पाणी, त्याला ओढ कमी. पुनवेला आणि अवसेला उधाण. हा हिशेब तोंडी करणारा तांडेल कोणत्याही गेमचा उत्तम नायक ठरेल. पण बहुतेक गेमांत भरती-ओहोटी असलीच तर देखाव्यापुरती असते.

निर्बंधांचा विचार कुणी केलाच नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. ‘फिशिंग प्लॅनेट’मध्ये परवाना लागतो, नियम मोडून मासा ठेवला तर दंड होतो. मात्र जास्त पैशांचा परवाना घेतला की बऱ्याच अटी सुटतात, म्हणजे मर्यादा ही विकत घेण्याची वस्तू होते. नॉर्वेतल्या मिस्क गेम्सचा ‘फिशिंग: बॅरेंट्स सी’ (२०१८) गळ सोडून व्यवसायाकडे वळला, हे त्याचे मोठे श्रेय. बोट, खलाशी, कर्ज, बंदर हे सारे त्यात आहे. पण सगळी चढण मोठ्या बोटीकडे आणि मोठ्या जाळ्याकडे जाते. २०२३ चा ‘ड्रेज’ मला जास्त प्रामाणिक वाटतो. तो वास्तवाचा दावा करत नाही, तरी आणखी थोडे पकडू या या हावेची भीती त्याने नेमकी पकडली आहे.

यावर आक्षेप येईल की गेम करमणुकीसाठी असतो, थांबायला कोण पैसे देईल? ‘स्टारड्यू व्हॅली’त ऋतू संपला की उभे पीक मरते, काही मासे ठराविक ऋतूतच मिळतात, आणि लोक तो आवडीने खेळतात. वाट पाहण्यात गोडी आणता येते. दुसरा आक्षेप असा की घबाड खऱ्या समुद्रातही लागते. लागते ना! ऑगस्ट २०२१ मध्ये मुरब्याच्या एका बोटीला १५७ घोळ मासे मिळाले आणि त्यांचे सुमारे १ कोटी ३३ लाख रुपये आल्याची बातमी गाजली. ती गाजली, कारण असा दिवस विरळा. गेम त्या दिवसाचाच रतीब घालतात. गळाची मासेमारी हा वेगळा छंद आहे, हे म्हणणे मात्र मला मान्य आहे. त्याला त्याच्याच मापाने जोखावे, फक्त त्याला मासेमारीचे संपूर्ण चित्र म्हणू नये.

२०२३ मध्ये महाराष्ट्राने पापलेटला राज्यमासा ठरवले आणि त्याच वर्षी ५४ जातींच्या माशांसाठी पकडण्याची किमान लांबी जाहीर केली. जाळ्यात आलेले तळहाताएवढे पापलेट आज चार पैसे देते, सोडले तर पुढच्या हंगामात कदाचित दुसऱ्याच्याच जाळ्यात जाते. इतका अवघड पेच कुठल्या गेमकाराला सुचला असता? ‘राजी’सारखा गेम २०२० साली पुण्यातल्या संचाने करून दाखवला, तेव्हा कौशल्य आपल्याकडे आहे. अशा कुणी जूनच्या पहिल्या आठवड्यात सातपाटीला यावे. १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी असते, बोटी किनाऱ्याला ओढून शाकारलेल्या असतात. गेमची सुरुवात तिथून करावी.